खेळती हवा

ऐंशीव्या मिनिटाला पडदा काळा झाला.
मी दोन गोलांनी पुढे होतो.
त्याआधी पाच मिनिटं तो घरघरत होता,
मुंब्रा बायपासच्या चढावर
भरलेला कंटेनर घरघरतो तसा.
मग एक बीप, पांढऱ्या अक्षरांत सूचना,
आणि खोलीत एकदम ऐकू आली
शेजारच्या तांबेकाकूंच्या कुकरची शिट्टी.

हात लावला. चटका.

तसा सेकंडहँडच. मानपाड्याच्या एका मुलाकडून
नऊ हजारांत घेतला, पहिल्या पगारातून.
त्याला कॅनडाला जायचं होतं,
खोक्यासकट दिला, वॉरंटी सोडून सगळं.
आमच्याकडे त्याची जागा ठरली शोकेसमध्ये,
काचेच्या दाराआड:
डावीकडे ताईची खो-खोची ढाल,
उजवीकडे स्टीलचे सहा पेले, जे कधीच बाहेर निघत नाहीत,
आणि वरून आईनं शिवलेलं कव्हर,
मोरपंखी ब्लाउजपीसचं, कडेनं लेस.

आमच्या घरात उघडं काहीच नसतं.
मिक्सरला झगा, फ्रिजच्या मुठीला मोजा,
रिमोट प्लास्टिकमध्ये, अजून,
म्हणजे टीव्ही दोनदा बदलला तरी.
खारेगावात धूळ फार, ती म्हणते,
ट्रक जातात, दिवसरात्र जातात,
सकाळी पुसलं तर दुपारी बोटानं नाव लिहावं.

"अगं, त्याला श्वास लागतो," मी ओरडलो.
"मागे जाळी आहे, दिसत नाही का तुला?
झाकून झाकून मारलंस त्याला."
"मला काय माहीत," ती म्हणाली,
"बंद होता, म्हणून घातलं."
(बंद नव्हता. मी नुसता झोपवला होता,
केशरी दिवा चालू होता.
हे कुणी तिला कधी सांगितलं नव्हतं.)

मार्केटातल्या जिन्याखालच्या गाळ्यात
झुबेरनं स्क्रू काढले, चुंबकावर ओळीनं ठेवले.
आत राखाडी लोकर,
उदबत्तीची अर्धी काडी,
एक झुरळ, कधीचं मेलेलं, काचेसारखं,
आणि पंख्याच्या दांड्याला सात वेढे घातलेला
मोरपंखी धागा.
तो काही बोलला नाही. चिमट्यानं वेढे सोडवत बसला,
जसं कुणी लहान मुलीच्या केसांतला गुंता सोडवतं.
वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, नवी लावली,
तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त नाही.
सहाशे घेतले.
"चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा," म्हणाला,
"हवा खेळती राहू द्या."

खेळती! मी रिक्षात एकटाच हसलो.
खेळायचं यंत्र माझं
आणि खेळायचं हवेनं.

आता तो टीपॉयवर, उघडावाघडा,
खाली सोड्याच्या बाटल्यांची चार झाकणं,
मागे बाबांच्या दुकानातला जुना टेबल फॅन.
पूर्ण नव्वद मिनिटं चालला. वरची तीसही.
मी हरलो, ते जाऊ दे.

रात्री पावणेतीनला पाणी प्यायला उठलो
तर हॉलमध्ये फॅनचा आवाज.
दिवा लावलेला नव्हता.
आई टीपॉयशेजारी फरशीवर बसलेली,
गाऊनची वरची दोन बटणं सुटी,
एका हातानं केस वर धरून
मानेला वारा देत होती.
फॅन तिनं स्वतःकडे वळवला होता,
पुरता नाही. अर्धाच.

"काय झालं?"
"काही नाही रे. मधूनच येतो असा आतून,
कढईचं झाकण उचलल्यासारखा. आणि मग थंडी वाजते.
दोन वर्षं झाली. जा तू, झोप."

दोन वर्षं.
"ऑक्टोबर आहे ना," मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून.

मी फॅन तीनवर केला, सगळा तिच्याकडे वळवला,
आणि तिथेच बसलो
चार बोटं जागा सोडून.
बायपासवर ट्रक चढत होते.

"त्याला कमी पडेल ना," टीपॉयकडे बघत ती म्हणाली.
"तो बंद आहे."
वाकून पाहिलं.
खरंच बंद होता.